डोटा २ : डाव्या हाताची बोटं कमी पडतायत, बटणं कशी लावू?

कोथरूडकर | शनिवार, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी,

चार महिन्यांपासून डोटा २ खेळतोय, म्हणजे पाच विरुद्ध पाच जणांचा ऑनलाइन खेळ, प्रत्येकाकडे एक हिरो. त्याआधी सात-आठ वर्षं फक्त काउंटर-स्ट्राइक, बंदुकांचा खेळ. तिथे डाव्या हाताला चार बटणं चालायला, एक उडीला, एक खाली बसायला, झालं. इथे हिरोचे चार ते सहा स्पेल, सहा आयटम (हिरोजवळच्या वस्तू), वर टीपी (दूरवर नेणारा टेलिपोर्ट), न्यूट्रल आयटम (वेगळ्या जागेतली जादा वस्तू), कुरिअर (सामान आणणारा), कंट्रोल ग्रूप (एका बटणाने निवडायचे गट). काल वहीत मोजली, २४ बटणं झाली.

आत्ताच एक मॅच हरून उठलोय. ५५ मिनिटं चालली होती. मी लायन हा हिरो, त्यांचा कॅरी (मुख्य मारणारा) एकटा सापडला, ब्लिंक मारून (क्षणात जवळ उडी) हेक्स करायचं (त्याला काही सेकंद निकामी करायचं) एवढंच काम. ब्लिंक डॅगर व्हीवर होता, बोट पडलं सीवर आणि स्मोक, म्हणजे संघाला लपवणारा धूर, फुटला. शत्रू समोर उभा असताना स्मोक! पुढच्या दहा सेकंदांत आमचे चार जण गेले. कोणी काही बोललं नाही, पण मला झोप येईना म्हणून हा धागा.

शिवाय कंट्रोल आणि शिफ्ट दाबून दाबून करंगळी दुखते. विचारायचं असं की डिफॉल्ट मांडणीचीच सवय लागेपर्यंत थांबावं की बदलावी? बदलायची तर सुरुवात कुठून? आणि बाजूला बटणं असलेला माऊस घेतल्याने खरंच फरक पडतो का?

लकडीपूल | शनिवार, रात्री ११.५२

डिफॉल्ट ठेव. मी २०१४ पासून तीच वापरतोय. चार महिने म्हणजे काहीच नाही.

वॉरक्राफ्टवाला | रविवार, सकाळी ९.१५

लकडीपूल, असहमत. डिफॉल्ट म्हणजे काही काळ्या दगडावरची रेघ नाही, आणि ती कशी बदलत गेली ते मी पाहिलंय.

डोटा २००३ मध्ये सुरू झाला तो वॉरक्राफ्ट ३ चा मॅप म्हणून. तेव्हा बहुधा स्पेलच्या नावातलं एखादं अक्षर हीच त्याची की. त्यामुळे एका हिरोचे स्पेल कीबोर्डच्या चार कोपऱ्यांत. इनव्होकर या हिरोचं तर विचारू नका: कोल्ड स्नॅप वायवर, टॉर्नेडो एक्सवर, सन स्ट्राइक टीवर, आइस वॉल जीवर. आणि आयटम? नमपॅडवर! ७, ८, ४, ५, १, २. उजवा हात माऊसवर असताना नमपॅड कोण दाबणार? डावा हात अख्खा कीबोर्ड ओलांडून न्यायचा, नाहीतर माऊस सोडायचा. कर्वे रस्त्याजवळच्या एका कॅफेत आम्ही कॉलेजची पोरं खेळायचो, तिथे प्रत्येकाच्या खिशातल्या पेनड्राइव्हवर कस्टमकीजची (आपल्या बटणांच्या यादीची) टेक्स्ट फाइल असायची. मशीन मिळालं की आधी फाइल टाकायची, मग खेळ. आयटमची बटणं बदलायला वेगळं छोटं सॉफ्टवेअर लागायचं, ते कॅफेचा मालक स्वतःच टाकून ठेवायचा.

९ जुलै २०१३ ला डोटा २ अधिकृतपणे आला तोपर्यंत क्यू-डब्ल्यू-ई-आरची ओळ ठरली होती. जुन्या लोकांसाठी लेगसी कीजचा (जुन्या बटणांचा) पर्याय सेटिंगमध्ये ठेवला, तो आजही आहे. म्हणजे आज ज्याला आपण डिफॉल्ट म्हणतो ती खेळाडूंनीच स्वतःसाठी घडवलेली मांडणी आहे.

आणि २०१४ पासून तीच मांडणी हे कसं शक्य आहे? डिसेंबर २०१६ च्या ७.०० आवृत्तीमध्ये बॅकपॅक (जादा वस्तू ठेवायची पिशवी) आलं, नोव्हेंबर २०१९ च्या ७.२३ मध्ये टीपीला वेगळी जागा आणि न्यूट्रल आयटम आले. ती बटणं तुम्हीही कुठेतरी लावलीच असणार.

लकडीपूल | रविवार, सकाळी ९.४०

टीपीचं मान्य, ते नव्याने लावलं. पण मुद्दा सोडत नाही. दुसऱ्याच्या घरी किंवा कॅफेत बसलो तर डिफॉल्टच असते, तेव्हा हात अडखळू नये.

शनिवारपेठ_सपोर्ट | रविवार, सकाळी ९.५८

लॉगिन केलं की सेटिंग क्लाउडवरून येतात हो दादा. पेनड्राइव्हचा जमाना गेला.

टंकन_काकू | रविवार, दुपारी १२.२०

हा धागा मला भाच्याने दाखवला. मी गेम खेळत नाही, पण २६ वर्षं टायपिंगचा क्लास चालवते. सरकारी परीक्षेला मराठी ३० शब्द मिनिटाला बसवून घेताना शेकडो मुलामुलींची बोटं पाहिली आहेत, म्हणून लिहिते. भाच्याकडून तुमच्या डिफॉल्ट बटणांची यादी घेतली आणि कीबोर्डवर खुणा करून पाहिल्या.

सहा आयटमची बटणं झेड, एक्स, सी, व्ही, बी, एन अशी आहेत म्हणे. आमच्या शास्त्रात एन ही उजव्या हाताची की आहे. तुमचा उजवा हात माऊसवर, म्हणजे डाव्या तर्जनीला शेजारच्या घरात जाऊन काम करावं लागतं. त्या तर्जनीकडे आधीच आर, टी, एफ, जी, व्ही, बी एवढा संसार आहे. सगळ्या बोटांत तिलाच सर्वात जास्त कळा. तुमचा व्ही चुकला यात तुमचा दोष कमी आहे, कारण त्या बोटाला लांब जाऊन परत यायचं होतं आणि घाई होती.

आता अंगठा बघा. सर्वात जोरकस बोट, आणि त्याला काम फक्त स्पेसबारचं. आणि करंगळी, सर्वात नाजूक, तिच्यावर शिफ्ट, कंट्रोल, टॅब, कॅप्स लॉक सगळं लादलंय. घरात जो काम करू शकतो तो बसलाय आणि जिला झेपत नाही तिच्या डोक्यावर हंडा. मला विचाराल तर सर्वात महत्त्वाचं, घाईत लागणारं एक काम अंगठ्याला द्या.

आणि आधी मोजा. तीन डाव खेळताना शेजारी कोणालातरी कागद घेऊन बसवा, कुठलं बटण किती वेळा दाबलं आणि कुठलं चुकलं याच्या रेघा मारायला सांगा. जे चुकतं तेवढंच हलवा. क्लासमध्ये मी एका दिवशी दोन कळांपेक्षा जास्त नवीन देत नाही. आणि हातावर रुमाल टाकते, खाली बघायचं नाही. एफवर बारीक उंचवटा आहे तो तर्जनीला लागला की हात घरी आला समजायचं.

कोथरूडकर | रविवार, दुपारी १२.४५

काकू, मनापासून आभार. एन उजव्या हाताची आहे हे इतके दिवस डोळ्यांसमोर असून लक्षात आलं नव्हतं. बायको रेघा मारायला बसते म्हणाली आहे, पण त्या बदल्यात रात्रीची भांडी माझ्याकडे.

शनिवारपेठ_सपोर्ट | रविवार, दुपारी १२.५०

+१ काकू. वाचनखूण साठवली.

रोशन_पॉइंट | रविवार, संध्याकाळी ५.०५

एवढा त्रास कशाला? माझ्या माऊसच्या सॉफ्टवेअरमध्ये मॅक्रो आहे. एका बटणात ब्लिंक, हेक्स, अल्टी (हिरोचा सर्वात मोठा स्पेल) सगळं लागतं. कोणी वापरतं का?

वॉरक्राफ्टवाला | रविवार, संध्याकाळी ५.३०

रोशन, वापरू नकोस. तू लहान आहेस असं वाटतं म्हणून सविस्तर सांगतो. बटणाची जागा बदलणं आणि बटणाकडून आपलं काम करून घेणं यात फरक आहे. एका दाबण्याला एक कृती, ही रेघ बहुतेक स्पर्धात्मक खेळांत पाळली जाते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये काउंटर-स्ट्राइक २ च्या अधिकृत सर्व्हरवर हेच झालं. काही कीबोर्डमध्ये अशी सोय आली होती की डावी-उजवी की एकत्र दाबली तरी शेवटची दाबलेलीच धरायची, त्यामुळे थांबणं आपोआप अचूक व्हायचं. खेळ बनवणाऱ्या व्हॉल्व्हने ती बंद केली, आणि एका कीवर दोन हालचाली बांधणारी बाइंडसुद्धा. सापडलं की सामन्यातून बाहेर.

तुला सलग कृती हव्या असतील तर खेळातच शिफ्ट आहे. शिफ्ट धरून आदेश दिले की ते रांगेत लागतात. टीपी करताना शिफ्ट धरून पुढचा ब्लिंक आधीच देऊन ठेवता येतो. हे हाताने शिक, त्यात जी मजा आहे ती मॅक्रोत नाही.

रोशन_पॉइंट | रविवार, संध्याकाळी ५.३४

ओके दादा. काढून टाकतो.

ओवीबद्ध | रविवार, रात्री ८.१०

माझी अडचण वेगळीच होती, इथे कोणाला उपयोगी पडेल. मी मराठीत लिहिते, त्यामुळे लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट (मराठी कीबोर्डची मांडणी) टाकलेला आहे. डोटा खेळताना मधूनच चॅट मराठी व्हायचं. शेवटी जीजी (गुड गेम) लिहायला गेले तर उमटलं ुु. मागे फिरा म्हणून नुसता बी (बॅकचा) टाकला तर व. टीममधला एक मुलगा विचारतो, ताई हा कुठला सांकेतिक शब्द?

कारण सापडायला दोन आठवडे लागले. विंडोजमध्ये डावा ऑल्ट आणि शिफ्ट एकत्र दाबले की भाषा बदलते. आणि डोटात ऑल्ट पिंगसाठी (सोबत्यांना खूण करायला), शिफ्ट रांगेसाठी, दोन्ही सतत बोटाखाली. मी एका जुन्या स्ट्रॅटेजी गेममध्ये तर याहून वाईट अनुभव घेतलाय, भाषा बदलली की बटणंच मरायची. काही गेम की कीबोर्डवर कुठे आहे ते बघतात, काही त्या कीमधून कुठलं अक्षर आलं ते बघतात. दुसऱ्या प्रकारात क्यूच्या जागी ौ आला की गेमला काही कळत नाही.

उपाय सोपा आहे. विंडोजच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये भाषा बदलायच्या हॉटकीज असतात, तिथे ऑल्ट-शिफ्टची जोडी काढून टाका. भाषा बदलायला विंडोज की आणि स्पेसबार राहतंच. स्टिकी कीजही बंद करा, नाहीतर पाच वेळा शिफ्ट दाबली की ऐन लढाईत ती खिडकी उघडते.

शनिवारपेठ_सपोर्ट | रविवार, रात्री ८.२५

ुु चा उच्चार कसा करायचा? आमच्या ग्रूपचं नावच ठेवतो.

ओवीबद्ध | रविवार, रात्री ८.२७

हरल्यावर जसा आपोआप निघतो तसा.

टंकन_काकू | रविवार, रात्री ९.००

अवांतर होतंय, पण राहवत नाही. इन्स्क्रिप्टमध्ये स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बरीचशी व्यंजनं उजव्या हाताला अशी वाटणी आहे, म्हणून लिहिताना दोन्ही हात आळीपाळीने चालतात आणि थकत नाहीत. जुन्या टाइपरायटरच्या रेमिंग्टन मांडणीत ते सुख नव्हतं. मुली त्या मांडणीची सवय सोडायला तयार नसायच्या, कारण पाठ झालेलं होतं. लकडीपूल यांचं म्हणणं मला अगदी ओळखीचं वाटलं!

लकडीपूल | रविवार, रात्री ९.१२

काकू, मी हरलो असं अजून म्हणत नाही. पण आज स्पेसबारवर बीकेबी (शत्रूच्या स्पेलपासून काही सेकंद वाचवणारी वस्तू) लावून पाहिला. बरा आहे.

मुठाकाठ | सोमवार, सकाळी ८.४०

माऊसबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. कोथरूडकर, तुम्ही काउंटर-स्ट्राइकमधून आलात, तिथली सवय इथे तशीच आणू नका.

तिथे माऊस फिरवला की नजर फिरते. ८०० डीपीआय (माऊस एक इंच सरकला की किती ठिपके मोजतो ते) आणि सेन्सिटिव्हिटी १ असेल तर पूर्ण गोल फिरायला माऊस जवळपास ५२ सेंटिमीटर सरकवावा लागतो, म्हणून लोक अख्खा दंड वापरतात आणि मोठा पॅड घेतात. डोटात नजर फिरत नाही, कर्सर स्क्रीनच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेला जातो. १९२० पिक्सेलचा स्क्रीन, ८०० डीपीआय, विंडोजमधला वेग मधल्या खुणेवर, तर हे अंतर जेमतेम ६ सेंटिमीटर. १६०० केलं तर ३. म्हणजे इथे काम मनगटाचं आणि बोटांचं. मी १२०० वर स्थिरावलोय, ४ सेंटिमीटर होतात, मिनिमॅपवर (कोपऱ्यातल्या छोट्या नकाशावर) जाऊन परत येणं सोपं पडतं. आणि विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन हे नाव फसवं आहे, ते बंद करा. ते चालू असलं की माऊस जोरात हलवल्यावर कर्सर जास्त लांब जातो आणि हळू हलवल्यावर कमी, मग हाताला अंतर कधीच पाठ होत नाही.

बाजूच्या बटणांचं. मी आधी १२ बटणांचा माऊस घेतला होता, आता बाजूला दोनच बटणं असलेला साधा वापरतो. अंगठ्याने बाजूचं बटण दाबताना माऊस किंचित हलतो. ज्या स्पेलला नेम धरायचा असतो तो तिथे ठेवला की नेम हलतो. म्हणून माझा नियम असा: जिथे कर्सर नेमका हवा ते सगळं कीबोर्डवर, आणि ज्याला नेम लागत नाही ते माऊसच्या अंगावर. बीकेबी, फेज बूट्स (वेग वाढवणारे बूट), हिरो सिलेक्ट. ब्लिंक कधीही माऊसवर नको. ब्लिंकला स्पेसबार.

लकडीपूल | सोमवार, सकाळी ९.०५

म्हणजे माझा बीकेबी माऊसवर आणि ब्लिंक स्पेसबारवर? कालच लावला होता. परत बदलतो.

डावरी | सोमवार, दुपारी १.३०

सगळे डावा हात डावा हात करतायत. माझा माऊस डाव्या हातात आहे. उजव्या हाताने मी आरशासारखी मांडणी केली: क्यू-डब्ल्यू-ई-आरच्या जागी पी-ओ-आय-यू, म्हणजे आर जसा तर्जनीजवळ तसा यू तर्जनीजवळ. आयटम खालच्या ओळीत एम, स्वल्पविराम, पूर्णविराम आणि त्यापुढची. उजव्या बाजूला एंटर, बॅकस्पेस मोठी बटणं असल्याने करंगळीला उलट आराम आहे. हिरोच्या चित्रावर आपण लावलेलीच की दिसते त्यामुळे गोंधळ होत नाही.

त्रास होतो तो व्हिडिओ बघताना. समजावणारा म्हणतो 'क्यू दाबा', मला डोक्यात त्याचं पी करावं लागतं. पहिला महिना ते जड गेलं. आणि माऊस घेताना दोन्ही बाजूंनी सारखा असलेला शोधावा लागतो, उजव्या हातासाठी कोरलेला डाव्या तळव्यात बसत नाही. दुकानदार समोर दहा माऊस ठेवतो त्यातला एखादाच तसा असतो. डावखुऱ्यांनी माऊस उजवीकडे नेऊन खेळायची सवय करावी असं मला खूप जणांनी सांगितलं. लहानपणी हातातली पेन्सिल बदलून देणारी माणसं आठवली. मी बदलला नाही.

वॉरक्राफ्टवाला | सोमवार, दुपारी १.४१

शाब्बास.

पांढरी_चार | सोमवार, रात्री १०.००

मी पेटी वाजवतो, गेम मुलाबरोबर खेळतो. तो कॅरी, मी मागून वॉर्ड (टेहळणीच्या खुणा) लावणारा. एक प्रश्न या मंडळींना विचारायचाय. सेटिंगमध्ये प्रत्येक हिरोसाठी वेगळी बटणं ठेवता येतात. मुलाचं म्हणणं, स्टन कुठल्याही हिरोचा असो, तो नेहमी ईवरच हवा, म्हणजे 'थांबव' असं मनात आलं की मधलं बोट आपोआप जातं. माझं म्हणणं, पहिला स्पेल क्यूवर, दुसरा डब्ल्यूवर, जागा ढळू देऊ नये. आमचा यावर घरात दोन दिवस वाद चालू आहे.

पेटीत पट्टी बदलली की सा दुसऱ्या पट्टीवर जातो, बोटांची रचना बदलते. काळी एकमध्ये जी तान सोपी ती पांढरी चारमध्ये वेगळ्या बोटांनी घ्यावी लागते. तरी पट्ट्या स्वतः जागच्या हलत नाहीत, म्हणून हात शिकतो. मुलगा जे करतो त्यात पट्ट्याच हलतात.

मुठाकाठ | सोमवार, रात्री १०.२०

तुमच्या उदाहरणातून मला उलटं दिसतं. पट्टी बदलली तरी सा हा सा असतो, कान कामाला धरून असतो, जागेला नाही. मुलगा बोटांना तेच शिकवतोय. स्टन म्हणजे त्याचा सा.

पांढरी_चार | सोमवार, रात्री १०.२६

हे मुलाला वाचून दाखवलं. आता तो जेवायला यायला तयार नाही, विजयाच्या आनंदात आहे.

वॉरक्राफ्टवाला | सोमवार, रात्री ११.००

इनव्होकर खेळणाऱ्याचं मत घ्या. तीन गोळे, त्यांच्या तिनाच्या जुळण्या दहा, म्हणून स्पेल दहा. क्यू-क्यू-क्यू कोल्ड स्नॅप, डब्ल्यू-डब्ल्यू-डब्ल्यू ईएमपी, ई-ई-ई सन स्ट्राइक, तिन्ही एकेक म्हणजे डेफनिंग ब्लास्ट. इथे जागा हलली तर सगळा ताल जातो. या हिरोच्या बटणांना मी कधी हात लावत नाही. पण दोन-तीनच हिरो खेळणारा असेल तर मुलाची पद्धत चांगली. दर आठवड्याला नवा हिरो घेणाऱ्याने तुमचं ऐकावं. बाबा आणि मुलगा एकाच घरात दोन मांडण्या ठेवू शकतात.

तपकीर_गल्ली | मंगळवार, सकाळी ११.१५

एक गोष्ट सगळ्यांनी तपासा. बटण चुकत नसून कीबोर्ड गिळत असेल तर? स्वस्त मेम्ब्रेन कीबोर्डमध्ये आत आडव्या-उभ्या तारांची जाळी असते, प्रत्येक कीला वेगळी तार नसते. ठरावीक तीन कीज एकदम दाबल्या तर तिसरी कुठली हे त्याला कळत नाही, म्हणून तो ती सोडून देतो. शिफ्ट, ऑल्ट, कंट्रोल यांना बहुधा वेगळी वाट असते. तपासायला नोटपॅड उघडा, तुम्ही लढाईत ज्या कीज एकत्र दाबता त्यातल्या दोन धरून ठेवा आणि तिसरी दाबा. अक्षर उमटलं नाही तर तिथे महत्त्वाचं काही ठेवू नका. मांडणी बदलून फुकटात सुटणारा प्रश्न आहे, लगेच महागडा मेकॅनिकल घ्यायची गरज नाही. घ्यायचाच तर पुण्याच्या तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, दुकानात लॅपटॉप घेऊन या, तिथेच जोडून ही चाचणी करा. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही.

सांधेसूद | मंगळवार, रात्री ९.३०

फिजिओथेरपिस्ट आहे. कोथरूडकर, करंगळीचं दुखणं हसण्यावारी नेऊ नका. अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येत असतील तर मनगटातून जाणाऱ्या मीडियन नर्व्हकडे लक्ष जातं. करंगळी आणि तिच्या शेजारच्या बोटाची अर्धी बाजू असेल तर अल्नर नर्व्ह, ती कोपरामागून येते. टेबलाच्या धारेवर कोपर किंवा मनगट टेकवून तासन्‌तास बसणं दोन्हींना वाईट. इथून निदान करत नाही. मुंग्या किंवा बधिरपणा असेल, रात्री जाग येत असेल तर दाखवून घ्या.

नुसतं थकल्यासारखं दुखत असेल तर कीबोर्डचे मागचे पाय मिटवून तो सपाट ठेवा. उंच मागची बाजू म्हणजे मनगट वर मोडलेलं. कीबोर्ड थोडा तिरका फिरवून ठेवला की हात खांद्यापासून सरळ रेषेत येतो, करंगळी कंट्रोलकडे वाकडी जात नाही. कंट्रोल ग्रूप लावायला कंट्रोल लागतो तो मॅचमध्ये थोड्याच वेळा, पण सगळ्या युनिटला एकत्र आदेश द्यायला तो सतत धरावा लागतो. 'सगळे निवडा' असं वेगळं बटण लावा, करंगळी सुटेल. आणि एका मॅचनंतर उठा. पाणी प्या, खिडकीपर्यंत जाऊन या.

कात्रजघाट | बुधवार, रात्री ११.२०

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होतो. माझ्या मोठ्या भावाचा चार वर्षांपूर्वी अपघात झाला, डाव्या हाताची बोटं हलत नाहीत. आम्ही दोघं एकत्र खेळायचो. त्यानंतर दीड वर्ष त्याने कॉम्प्युटरला हात लावला नाही.

मायक्रोसॉफ्टचा अडॅप्टिव्ह कंट्रोलर २०१८ मध्ये आला, त्याला १९ जॅक आहेत, वेगवेगळे स्विच आणि पायडल जोडता येतात, विंडोजवरही चालतो. तो आम्हाला परवडला नाही. त्याऐवजी तीन पायडलांचा साधा यूएसबी फूटस्विच घेतला, शिलाई मशीनच्या पायडलसारखा. आणि १२ बटणांचा माऊस. मुठाकाठ म्हणाले ते बरोबर आहे, अंगठ्याने दाबताना माऊस हलतो. त्यावर आम्ही डीपीआय ६०० वर आणला, माऊस जड घेतला आणि तळहात पॅडवर पूर्ण टेकवायची सवय केली. हल्ली हलत नाही.

कुठलं काम कुठे हे ठरवायला महिना गेला. डावा पाय बीकेबी, उजवा पाय हल्ला, मधलं पायडल टीपी. स्पेल माऊसवर. कॅमेरा चाकावर दाबून ओढायचा. हिरोही तसे निवडले, व्रेथ किंग पहिला, कारण त्याला दाबायला फार काही नसतं. मग स्नायपर. गेल्या महिन्यात त्याने लायन घेतला. पहिल्या मॅचला हेक्स लागला तेव्हा तो काही बोलला नाही, मीही बोललो नाही. आई दाराशी उभी होती, ती म्हणाली, आता तरी दिवा मालवा.

हे सगळं सेटिंगच्या त्या एका पानामुळे झालं. ज्या गेममध्ये बटणं बदलता येत नाहीत ते आम्ही उघडतही नाही.

ओवीबद्ध | बुधवार, रात्री ११.३१

दादांना नमस्कार सांगा. आणि आईंनाही.

डावरी | गुरुवार, सकाळी ७.५०

दोनदा वाचला प्रतिसाद. लायनचं बटणांचं पान इथे टाकाल का?

कात्रजघाट | गुरुवार, सकाळी ८.१५

दादाला विचारून टाकतो. आज आमच्याकडे पाणी नाही आणि वीजही जायची आहे, संध्याकाळी बघतो.

कोथरूडकर | तीन आठवड्यांनी, शनिवार, रात्री ९.१०

धागा वर काढतोय. सगळ्यांना हिशोब द्यायचा होता.

बायकोने तीन मॅचच्या रेघा मारल्या. चुकलेलं बटण १७ वेळा, त्यातले १३ व्ही, बी आणि एन. काकूंनी न बघता सांगितलं होतं! मग आठवड्याला दोनच बदल केले. पहिल्या आठवड्यात ब्लिंक स्पेसबारवर आणि एन रिकामं. दुसऱ्या आठवड्यात बीकेबी माऊसच्या बाजूच्या पुढच्या बटणावर आणि 'सगळे निवडा' मागच्या बटणावर. तिसऱ्यात सहावा आयटम एफवर आणि कुरिअर कॅप्स लॉकवर, ते निवांत लागतं म्हणून करंगळीला चालतं. कीबोर्ड सपाट आणि किंचित तिरका. करंगळी पहिल्या दहा दिवसांतच शांत झाली. मुंग्या नव्हत्या, सांधेसूद.

मधला आठवडा फार वाईट गेला हे नव्याने करणाऱ्यांना सांगतो. बोट जुन्या जागी जायचं, नवीन आठवायचं, दोन्हीच्या मध्ये मी मरायचो. तेव्हा रँक्ड (क्रमवारीचे सामने) बंद ठेवलं आणि रोज पंधरा मिनिटं हिरो डेमोमध्ये (एकट्याने सराव करायच्या जागी) जाऊन फक्त ब्लिंक-हेक्स, ब्लिंक-हेक्स करत बसलो. पांढरी_चार, तुम्ही सराव कसा करता ते विचारायचं राहिलं, पण मी आधी अगदी सावकाश केलं, मग वेग वाढवला.

क्विक कास्ट (की दाबली की कर्सर असेल तिथे लगेच स्पेल) मात्र अर्धवट सोडलंय. हेक्सला ठेवलं, अर्थ स्पाइकला (लायनचा सरळ रेषेत जाणारा स्पेल) काढलं, कारण तिथे दिशा बघून मारलेलं मला बरं वाटतं. यावर वॉरक्राफ्टवाला काय म्हणतात ते ऐकायचंय.

वॉरक्राफ्टवाला | शनिवार, रात्री ९.२२

स्पाइकलाही ठेव. क्विक कास्टमध्ये 'की दाबताच' हा पर्याय बंद केलास तर की धरून असेपर्यंत टप्पा दिसतो आणि सोडल्यावर स्पेल जातो. दोन्ही मिळतं.

कोथरूडकर | शनिवार, रात्री ९.४०

करून पाहिलं. हेच हवं होतं.

पांढरी_चार | शनिवार, रात्री ९.४५

सावकाशच बरोबर. आमच्याकडे अलंकार आधी विलंबित घेतात. मुलगा विचारतोय, आज खेळताय का?

कात्रजघाट | शनिवार, रात्री ९.४८

दादा लायन घेणार म्हणतोय. आम्ही दोघं आहोत.

लकडीपूल | शनिवार, रात्री ९.५०

मीही येतो. बीकेबी माऊसवर लावलाय, कळावे.

कोथरूडकर | शनिवार, रात्री ९.५१

लायन दादांना. मी वॉर्ड लावतो. दहा वाजता लॉबी करतो, नाव ुु.